पोहोच किती, पावत्या किती?

४,००० आणि २५६. या दोन आकड्यांत मोठा कोणता?

पहिला आकडा एखाद्या छोट्या संस्थेच्या किंवा घरगुती उद्योगाच्या फेसबुक पानावरच्या फॉलोअरांचा धरा. दुसरा, व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त जितकी नावं बसतात तो. वरवर पाहिलं तर तुलनाच होऊ शकत नाही. हिशेब मांडला की मात्र उत्तर पालटतं.

२०१२ साली फेसबुकनेच सांगितलं होतं, की पानावर टाकलेली पोस्ट त्या पानाच्या सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचते. पुढे ओगिल्वी या जाहिरात कंपनीने शंभराहून जास्त ब्रँडांची पानं तपासली. ऑक्टोबर २०१३ मध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांवर आलं होतं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ६ टक्क्यांवर. ज्या पानांना पाच लाखांहून जास्त चाहते होते, त्यांची पोहोच तर २ टक्क्यांवर गेली होती. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं, की यापुढे घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना आधी जागा मिळेल. धंदे, ब्रँड आणि माध्यमं मागे सरकतील. फुकट पोहोचण्याचा रस्ता अशा रीतीने टप्प्याटप्प्याने अरुंद होत गेला आणि त्याच रस्त्यावर ‘बूस्ट’ नावाचा टोलनाका उभा राहिला.

६ टक्क्यांनी ४,००० चे होतात २४०. ब्रॉडकास्ट यादीतल्या २५६ जणांच्या फोनवर मात्र निरोप थेट जातो. अट एकच, समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा. केलेला नसेल तर तुम्ही पाठवलेला निरोप त्याच्याकडे जातच नाही. या अटीमुळे पुष्कळजण वैतागतात. मला ती फार मोलाची वाटते. ज्या माणसाने तुमचं नाव स्वतःच्या फोनमध्ये घातलं, त्याने तुम्हाला ओळखीत घेतलं. असे २५६ जण जोडायला कित्येक संस्थांना पाच-सहा वर्षं लागतात, आणि लागायलाच हवीत.

मी गेली काही वर्षं छोट्या संस्थांची आणि घरगुती उद्योगांची पत्रकं, निवेदनं, पोस्ट लिहून देते. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच असतो, ‘आमची पोहोच कशी वाढेल?’ मी उलट विचारते, गेल्या वर्षी पावत्या किती फाडल्या? त्यातल्या किती जणांनी आदल्या वर्षीही पैसे दिले होते? या प्रश्नावर बहुतेक वेळा शांतता पसरते. उत्तर कपाटातल्या पावतीपुस्तकात असतं, पण ते उघडून कुणी मोजलेलं नसतं.

माणसं किती, वेळ किती

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३व्या फेरीनुसार २०१५-१६ मध्ये देशात सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून सुमारे ६.३४ कोटी उद्योग होते आणि त्यांत ११.१० कोटी माणसं काम करत होती. महाराष्ट्राचा वाटा ४७.७८ लाख उद्योगांचा. आता भागाकार करा: एका उद्योगामागे १.७५ माणूस. दोनही नाहीत. नवरा-बायको, मायलेक, किंवा मालक आणि अर्धा वेळ येणारा एक मुलगा.

सोशल मीडियावरचे सगळे सल्ले या पावणेदोन माणसांना दिले जातात. रोज एक रील करा, आठवड्याला तीन पोस्ट टाका, प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्या, चालू असलेलं गाणं पकडा. सकाळी सहाला भाजणी भाजायला बसणाऱ्या बाईने हे कधी करायचं? सल्ला देणाऱ्याने आधी समोरच्याचा दिवस पाहायला हवा. ज्या उद्योगाकडे प्रसिद्धीसाठी दिवसाला जेमतेम वीस मिनिटं आहेत, त्याने ती कुठे घालावीत एवढाच खरा प्रश्न आहे.

माझ्या ओळखीच्या एक मावशी दिवाळीचा फराळ करतात. त्यांच्या ओट्याच्या बाजूला खिळ्याला दोरीने बांधलेली एक लांबट वही लटकत असते. तिच्या कोपऱ्यांना तेल लागून पानं पारदर्शक झाली आहेत. वहीत रकाने पाच: नाव, पत्ता, काय हवं, कधी हवं आणि शेवटचा, ‘कुणाकडून कळलं’. हा शेवटचा रकाना त्यांनी आपल्या मनाने घातला. ‘समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी’, ‘सोसायटीचा ग्रुप’, ‘मागच्या वर्षी घेतलं होतं’, ‘जाऊबाईंनी डबा दिला होता’, ‘डब्यावरचा नंबर’. मोठ्या कंपन्या ज्या माहितीसाठी माणसं नेमतात, ती या बाईंकडे पेन्सिलीने लिहिलेली आहे. सोऱ्या फिरवता फिरवता त्या फोन खांद्याला लावून विचारतात, ‘आमचं नाव कुणी सांगितलं हो तुम्हाला?’ समोरचा माणूस एक नाव घेतो, आणि त्या नावासकट ओळख पक्की होते.

त्यांनी एकदा मला विचारलं, ‘पैसे भरून जाहिरात करू का ग?’ आम्ही त्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो इथे देते. आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत.

५,००० रुपयांची ऑनलाइन जाहिरात केली की तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून खिशातून ५,९०० जातात. ज्याची जीएसटी नोंदणी आहे तो हे ९०० रुपये आपल्या कराच्या खात्यात वळते करून घेऊ शकतो. पण वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची गरज नसते, त्यामुळे घरगुती उद्योगाला ते ९०० परत मिळत नाहीत. (छापील वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर हा कर ५ टक्के आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) आता १,२०० रुपयांच्या एका फराळाच्या डब्यामागे सगळा खर्च जाऊन ३०० रुपये सुटतात असं धरा. जाहिरात पाहून शंभर जणांनी फोन केले, त्यातल्या वीस जणांनी डबा घेतला. २० गुणिले ३०० म्हणजे ६,०००. त्यातून जाहिरातीचे ५,९०० वजा केले की उरतात १०० रुपये. शंभर फोन उचलण्याची मजुरी, रुपये शंभर.

मग जाहिरात करूच नये का? हिशेब पुढच्या वर्षीपर्यंत नेला तर उत्तर वेगळं येतं. त्या वीस जणांपैकी आठ जण पुढच्या दिवाळीला आपणहून परत आले, तर ८ गुणिले ३०० म्हणजे २,४००, आणि या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य. त्या आठांनी आणखी चौघांना सांगितलं तर वर १,२००. जाहिरातीचा फायदा पहिल्या डब्यातून होत नसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यातून होतो. म्हणून वीस जणांची नावं आणि नंबर वहीत उतरले का, डब्याच्या झाकणावर नंबर होता का, दिवाळीनंतर ‘चकली कडक तर नव्हती ना?’ असा फोन गेला का, याच्यावर ५,९०० रुपयांचं भवितव्य ठरतं. मावशींनी जाहिरात केली नाही. त्यांनी झाकणावर लावायचे स्टिकर छापून घेतले, त्यावर नाव, नंबर आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक. अनोळखी गिऱ्हाइकाला दिलासा देणारा तो क्रमांक फोटोत स्पष्ट दिसेल असा डबा धरायचा, एवढी एकच सूचना मी केली.

गर्दी आली तर काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतल्या मालवीय नगरच्या ‘बाबा का ढाबा’ या छोट्या टपरीचा व्हिडिओ देशभर फिरला. टाळेबंदीनंतर धंदा बसलेलं एक म्हातारं जोडपं आणि न विकलं गेलेलं जेवण. दुसऱ्या दिवशी टपरीसमोर रांग लागली, कॅमेरे आले, देणग्या आल्या. जमा झालेल्या मदतीवरून वाद झाला, तक्रार पोलिसांपर्यंत गेली आणि पुढे समेटही झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी जवळच रीतसर उपाहारगृह थाटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उपाहारगृह बंद करून ते टपरीवर परतले. त्या वेळी छापून आलेल्या माहितीनुसार उपाहारगृहाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख रुपये होता आणि विक्री ४०,००० च्या पुढे कधी गेली नाही.

एका व्हिडिओने जी माणसं आणली, ती हळहळून आली होती. त्यांनी एकदा जेवण घेतलं, फोटो काढला आणि ती गेली. भाडं आणि पगार मात्र दर महिन्याला येत राहिले. त्या जोडप्याकडे बोट दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. अचानक आलेली गर्दी टिकेल असं कुणालाही वाटलं असतं. पण छोट्या धंद्याने आपली झेप आधी लिहून ठेवावी. दिवसाला १२ किलो चकली होत असेल, तर पंधरा दिवसांत १८० किलो. अर्धा किलोच्या हिशेबाने ३६० पुडे. ३६१ व्या माणसाला काय सांगायचं ते आधी ठरलेलं हवं, कारण नाही म्हणायची रीत हाही जनसंपर्कच. ‘या वर्षीच्या ऑर्डरी भरल्या, पण तुमचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं घालते’ हे वाक्य ऐकलेला माणूस रागावत नाही.

देणाऱ्यांचा देश

आता सेवाभावी संस्थांकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त अडकतो.

अशोका विद्यापीठातल्या सामाजिक परिणाम आणि दातृत्व केंद्राने ऑक्टोबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या वर्षात भारतीय कुटुंबं किती आणि कुणाला देतात याची पाहणी केली. एकूण अंदाज २३,७०० कोटी रुपयांचा निघाला. त्यातला सर्वांत मोठा वाटा धार्मिक संस्थांकडे गेला. धार्मिक नसलेल्या संस्थांच्या, म्हणजे शाळा, दवाखाने, वसतिगृहं, वाचनालयं चालवणाऱ्यांच्या वाट्याला आले सुमारे १,१०० कोटी. शंभरातले पाच रुपयेही नाहीत.

हा आकडा वाचून ‘लोक देवाला देतात, माणसाला देत नाहीत’ असा सुस्कारा टाकायची आपल्याकडे सवय आहे. मला तो सुस्कारा पटत नाही. आपल्याच गल्लीतल्या गणेश मंडळाची वर्गणी आठवून पाहा. ओळखीची पोरं दारात येतात. काकू, गेल्या वर्षी पाचशे एक दिले होते, असं म्हणतात, म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा त्यांच्याकडे असतो. जागच्या जागी पावती फाडतात. उत्सवात तुम्ही जाऊन आरास बघू शकता. आणि जी मंडळं नेकीने चालतात ती वर्षअखेर अहवाल छापतात. त्यात तुमचं नाव आणि तुमच्यापुढे तुमची रक्कम असते. आपलं नाव बरोबर छापलंय ना, हे पाहण्यासाठी अख्खा अहवाल वाचणारे आजोबा मी पाहिले आहेत. ओळखीचा चेहरा, ठरलेला काळ, पावती, डोळ्यांनी दिसणारं काम, नावानिशी हिशेब. या पाच गोष्टी किती सेवाभावी संस्था करतात?

त्याऐवजी पोस्टच्या शेवटी लिहिलेलं असतं, ‘देणगीस ८०जी अंतर्गत करसवलत’. या ओळीचं वजन किती कमी झालं आहे ते आकड्यांत पाहा. ३१ जुलै २०२४ पर्यंत ७.२८ कोटी प्राप्तिकर विवरणपत्रं भरली गेली. त्यातली ५.२७ कोटी, म्हणजे ७२ टक्के, नव्या करप्रणालीतली होती. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही. २०२५-२६ पासून तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच लागत नाही, मग त्यातून सवलत ती कसली? शिवाय २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीला जुन्या प्रणालीतही ही वजावट नाही. ज्यांना सवलत हवी त्यांच्यासाठी ती ओळ जरूर असावी, देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र ३१ मेच्या आत त्याच्या हातात पडावंही. पण विवरणपत्र भरणाऱ्या दहातल्या सात जणांना कर वाचवण्याचं कारण उरलेलं नाही. त्यांना देण्याचं कारण तुमच्या कामातच सापडायला हवं.

आणि काम तर पोस्टमध्ये दिसतच नाही! संस्थांच्या पानांवर सर्वांत जास्त वेळा दिसणारं वाक्य हे: ‘मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत शालेय साहित्य वाटपाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ सोबत दीपप्रज्वलनाचा फोटो, शाल-श्रीफळाचा फोटो, व्यासपीठावर बसलेल्या सात जणांचा फोटो. किती मुलं, किती वह्या, किती पैसे, काहीच नाही. हे लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांची धडपड मी जवळून पाहिली आहे. कार्यक्रम उरकून रात्री अकराला दमलेल्या हातांनी ते ही पोस्ट टाकतात आणि जे वाक्य पाठ झालंय तेच लिहितात. त्याच दमलेल्या हातांनी लिहिता येईल असं दुसरं वाक्य देते. आकडे नमुन्याचे आहेत:

‘आज तीन शाळांतल्या ११४ मुलांना प्रत्येकी सहा वह्या दिल्या. एक वही २८ रुपयांना पडली, एकूण खर्च १९,१५२ रुपये. चौथ्या शाळेतली ४१ मुलं राहिली आहेत. त्यांच्यासाठी ६,८८८ रुपये लागतील.’

यात विशेषण एकही नाही. पण वाचणाऱ्याला आपोआप कळतं, की १६८ रुपयांत एका मुलाचं वर्षाचं लिखाण होतं. तो मनातल्या मनात गुणाकार करतो. पाच मुलं ८४०, दहा मुलं १,६८०. हा गुणाकार ज्याने स्वतः केला, त्याच्या हातून पैसे सुटण्याचा संभव मान्यवरांचा फोटो पाहणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, हे मी अनुभवाने सांगते. आणि चार दिवसांनी ‘४१ मुलांच्या वह्या झाल्या’ ही दुसरी पोस्ट टाकायला विसरायचं नाही. पहिली पोस्ट मागण्याची असते, दुसरी भरवशाची, आणि वगळली जाते ती नेमकी दुसरी.

फोटोंचा विषय निघालाच आहे, तर त्यात मला फार सलणारी एक गोष्ट आहे. बालगृहात वाढदिवस साजरे करण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. पाहुणे केक घेऊन येतात, मुलांना रांगेत बसवतात, प्रत्येकाच्या तोंडात घास घालतानाचे फोटो निघतात आणि संध्याकाळी ते पाहुण्यांच्याही पानावर येतात, संस्थेच्याही. चेहरे उघडे, कधी नावं, कधी पाठीमागे शाळेची पाटी. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ सांगतं, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कुठल्याही माध्यमातून उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेकांना हे माहीतही नसतं.

कायदा बाजूला ठेवून त्या मुलाकडे पाहू. नऊ वर्षांचा मुलगा पुढे पंचवीसचा होतो, नोकरीला लागतो, त्याचं लग्न ठरतं. त्याच्या बालपणीची गरज कुणाच्या तरी पानावर तोवर तशीच असते, त्याला न विचारता टाकलेली. मी ज्या संस्थांना लिहून देते त्यांना एक अट घालते: चेहरा नाही. पाटी पुसणारे हात घ्या, ओळीने लावलेल्या चपला घ्या, दहावीच्या भूमितीच्या वहीतलं पान घ्या. एका वसतिगृहाच्या दाराबाहेर काढलेल्या सव्वीस जोड चपलांचा फोटो माझ्यापाशी आहे. लहान-मोठ्या, काहींचे अंगठे शिवलेले, एक जोड अगदी नवी. त्या एका फोटोखाली ‘पावसाळी बूट हवेत, मापं अशी आहेत’ एवढंच लिहिलं होतं. मापांसकट. कुणीही माप निवडून बूट आणू शकत होतं.

आपली नोंदवही

महाराष्ट्रात एका संस्थेने आकड्यांच्या बळावर जगाचं लक्ष कसं वेधलं याचं सर्वांत मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ची स्थापना केली. गावोगावच्या आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन जन्म आणि मृत्यू यांची नोंद ठेवली, नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. ३९ गावांतल्या या कामामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. शेजारी तुलनेसाठी ४७ गावं होती, म्हणून त्या आकड्यावर शंका घेणं अवघड होतं. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर नेली. १९९९ मध्ये फेसबुक नव्हतं, इन्स्टाग्राम नव्हतं. ३९ गावं आणि न चुकता भरलेली नोंदवही होती. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला, त्याचं बळही मोजणीतच होतं. नोंद कामासाठी ठेवलेली होती. प्रसिद्धी तिच्या मागून आली.

प्रत्येक संस्थेचं काम ‘लॅन्सेट’मध्ये जाणार नाही. पण गावच्या वाचनालयालाही सांगता येतं, की या वर्षी किती पुस्तकं घरी गेली, सर्वांत जास्त वेळा कुठलं गेलं, नवे सभासद किती झाले, कितींनी सोडलं. ‘कितींनी सोडलं’ हे लिहिणाऱ्या संस्थेवर माझा लगेच विश्वास बसतो.

विश्वासाचा दुसरा मार्ग, दुसऱ्याच्या तोंडून येणारी ओळख. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम चालवला. गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून द्यायची आणि वाचकांनी त्यांना देणगी द्यायची. आयुष्यभर मुख्य रस्त्यापासून लांब राहून काम केलेल्या संस्थांचं नाव त्यामुळे घराघरांत पोहोचलं. यातले घटक मोजून पाहा. संस्थेने स्वतःविषयी बोलायचं नाही, तिऱ्हाइताने जाऊन पाहून लिहायचं. संख्या ठरलेली, दहाच. काळ ठरलेला, जेव्हा घरात देण्याची भावना जागी असते. छोट्या संस्थेला राज्यभराच्या दैनिकात जागा मिळेलच असं नाही, पण तालुक्याचं साप्ताहिक आहे, शाळेचा वार्षिकांक आहे, दिवाळी अंक आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळांची संमेलनं आहेत. तिथे संस्थेच्या अध्यक्षाने लिहिण्यापेक्षा संस्थेतून शिकून गेलेल्या मुलीने एक पान लिहावं.

उलट बाजूला, परक्याच्या जागेवर बांधलेलं घर किती टिकतं तेही आपण पाहिलं आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली आणि टिकटॉकचे देशातले सुमारे २० कोटी वापरकर्ते एका रात्रीत विखुरले. गावातल्या कितीतरी मराठी कलाकारांची, छोट्या दुकानदारांची जमवलेली माणसं त्यासोबत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद होती. ज्यांच्या ऑर्डरी फक्त चॅटवर येत होत्या त्यांच्याकडे पहाटेपर्यंत काहीच आलं नाही. मावशींच्या वहीला त्याची झळ लागली नाही.

शिवाय सगळी माणसं तिकडे आहेत, हे तरी खरं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी आणि ३३ टक्के बायकांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ३८ टक्के. तेव्हापासून फोन वाढले आहेत, पण घरातला फोन कुणाच्या हातात असतो हा प्रश्न तसाच आहे. बचत गटाने पापड विकायचे असतील तर इन्स्टाग्राम कामाचं असेल; पण गटात नवी बाई यायची असेल तर ग्रामपंचायतीच्या फलकावरची चिठ्ठी आणि हळदीकुंकू जास्त कामाचं.

समाजमाध्यमांच्या इतिहासातली एक फार मोठी देणगी-मोहीम, २०१४ ची बर्फाच्या बादलीची, तिनेही ओळखीचीच ताकद दाखवली. फेसबुकवर १.७ कोटी व्हिडिओ आले, एएलएस या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. जाहिरात कुणाचीच नव्हती. ज्याने बर्फाच्या पाण्याची बादली अंगावर ओतून घेतली, त्याने पुढच्या काही जणांना नावं घेऊन बोलावलं, एवढीच त्या मोहिमेची यंत्रणा होती.

त्या २५६ नंबरांकडे परत येते. प्रत्येकाला एक फोन करायचा. पैसे मागायचे नाहीत. ‘तुम्ही दिलेल्या पैशांत हे झालं’ एवढं सांगायचं आणि ते काय म्हणतात ते वहीत लिहून घ्यायचं. एका फोनला तीन मिनिटं धरली तर २५६ गुणिले ३ म्हणजे ७६८ मिनिटं. दोघांनी मिळून रोज अर्धा-अर्धा तास दिला, तर तेरा दिवस लागतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली, तर घटस्थापनेच्या आत शेवटचा फोन होतो.